विहिरीचा सुरुंग आणि आजीची सुई

बसा पोरांनो, कंदील जरा इकडं सरकवा. तुमची आजी जेवायच्या आधी देवळीतल्या ओल्या मडक्यातनं इन्सुलिनची बाटली काढते, कालच्या जागेपासून दोन बोटं सरकून पोटाची चिमूट धरते आणि सुई टोचते. रोज एकाच जागी टोचलं तर तिथं गाठ धरते ना! तेव्हा धाकटा हटकून विचारतो, "आजी, गोळी का नाही घेत?" लाखमोलाचं विचारलंस, बाळा. इन्सुलिन म्हणजे 51 कड्यांचं प्रथिन, आणि पोटाला काय ठाऊक हे औषध आहे म्हणून? ते वरणासारखं पचवून मोकळं होतं. म्हणून 1922 साली टोरांटोत लिओनार्ड थॉमसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला ते पहिल्यांदा टोचलं, तेव्हापासून सुई काही सुटली नाही.

मग माणसं दुसऱ्या वाटा धुंडाळायला लागली. एक श्वासाची: पिठासारखी बारीक भुकटी ओढून घ्यायची, ती फुप्फुसातनं थेट रक्तात उतरते. दम्याच्या माणसाला मात्र ती चालत नाही.

पण मला खरी भुरळ घातली ती पवईच्या वाटेनं. त्याआधी आपल्या बेलापूरचं सांगतो. मी पोर असताना विहिरीचा खडक फोडायला गडी पहारीनं भोक पाडायचे, दारू ठासायचे आणि "पळाऽ पळाऽ" ओरडत बांधाकडं धूम ठोकायचे. दगड शिवारातच पडायचे, पण इकडं घरात आईच्या मांडणीवरची भांडी खणखणायची! दगड आला नाही, नुसता धक्का आला, हवेवर बसून.

तोच धक्का पवईच्या आयआयटी मुंबईतल्या प्राध्यापक विरेन मेनेझेस यांच्या चमूनं बॉलपेनपेक्षा थोड्याच लांब नळीत कोंडलाय. ही मंडळी विमानविद्येची, बरं का! दाबलेला नायट्रोजन सुटतो, धक्क्याची लाट उठते आणि औषधाची धार केसाएवढ्या, 125 मायक्रॉनच्या छिद्रातनं कातडीत शिरते, सुई नाहीच. मधुमेही उंदरांना असं इन्सुलिन दिलं, तर साखर नीट उतरली आणि सुईपेक्षा जास्त वेळ खाली राहिली. माणसांपर्यंत यायला त्याला अजून बऱ्याच पायऱ्या चढायच्यात.

आजी मघापासून निवडणं बाजूला ठेवून ऐकत होती. म्हणाली, "ते यंत्र आलं, तरी बाटली गारच ठेवावी लागंल ना?"

लागंल की. तुझं मडकं कुठं जात नाही.