मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका
"अजून पिकला नाही, पिकल्यावर बघू," असं वस्तीतल्या आजी हमखास म्हणतात. ही समजूत जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनमुळे रुजली. आता गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. पायरी नीट दिसेना, गाडीच्या दिव्याने डोळे दिपू लागले की तपासून घ्या. फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. मध तर डोळ्यात घालूच नका. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन मोफत होतं.

घरी आल्यावर हात साबणाने धुऊनच थेंब घाला, डॉक्टर सांगतील तितके आठवडे. सुरुवातीला डोक्यावरून अंघोळ आणि चुलीचा धूर टाळा. दुखणं वाढलं, लाली आली किंवा दिसणं कमी झालं, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.