संक्रांत, पाणमांजरे आणि आमचा मांजा

सुरतेचे नाव निघाले की आम्हां बडोदेकर दक्षिण्यांच्या घरी कोणी ना कोणी १६६४ सालची आठवण काढतोच. आमची लेक सुरतेत दिली तेव्हा व्याह्यांनीही 'आता लुटायची पाळी आमची!' असा विनोद केला होता. असो. यंदा संक्रांतीला तिच्याकडे गेलो आणि तेराव्या तारखेला नातवाने आम्हांला सरथाण्याच्या बागेत नेले.

तापीच्या काठी, कामरेजच्या रस्त्यावर, सुमारे ८१ एकरांची ही प्राण्यांची बाग महानगरपालिकेने १९८४ साली उघडली. सयाजीमहाराजांच्या १८७९ सालच्या कमाटीबागेत ज्याचे बालपण गेले, त्याला दुसरी बाग सहसा डोळ्यांत भरत नाही. पण इथल्या पाणमांजरांनी आमचा ताठा जरा सैल केला. पिंजऱ्यात सहसा न रमणारा हा प्राणी इथे मात्र पिले घालतो. ती इतर प्राणिसंग्रहालयांना देऊन बदल्यात दुसरे प्राणी आणले जातात.

तेथला एक रखवालदार खानदेशाकडचा निघाला. मराठी ऐकताच तो खुलला. "बाबा, पाण्यातलं जनावर म्हणून पाणीच पाणी दिलं तर मरून जाईल," तो म्हणाला. पाणमांजराच्या अंगावर चरबीचा थर नसतो. ऊब राखायची ती दाट केसांनी. म्हणून हिवाळ्यात लोळून अंग कोरडे करायला सुका पेंढा हवा, आणि तो ओला झाला की बदलायला हवा. पिले जन्मतात ती डोळे मिटलेली. दहाएक दिवसांनी डोळे उघडतात, पोहणे यायला दोन महिने लागतात. बापही पिलांना मासे आणून भरवतो. (हे ऐकून लेकीने जावयांकडे पाहिले.) उन्हाळ्यात पाण्याचे फवारे, थंडीत पडदे, आणि पावसाळ्यात एक डोळा नदीवर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुटलेल्या पाण्याखाली बहुतेक सुरत गेली होती; ते इथे कोणी विसरलेले नाही.

निघताना तो नातवाला म्हणाला, "सकाळी नवापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग नको रे, बाळा. पाखरं त्याच वेळी येतात-जातात." नातवाने मान डोलावली. आम्हीही डोलावली.

चौदाव्या तारखेला साडेपाच वाजता आम्ही गच्चीवरच होतो. मांजा डबगरवाडातला, गुलाबी, आम्हीच हौसेने आणलेला. सुरतेचा मांजा म्हणजे काय, हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. 'चिनी नाही ना, सुती आहे. मग काय हरकत?' असे आम्हीच लेकीला म्हणालो होतो. सुती दोऱ्यालाही काचच लावलेली असते, हे त्या वेळी सोयीस्करपणे ध्यानात आले नाही.

काळे शराटी रांगेने तापीकडे परतत होते. दोर एकदम जड झाला आणि मग सैल पडला. पक्षी शेजारच्या गच्चीवर पडला. पंखाच्या मुळाशी हाड दिसत होते. लेकीने त्याच्यावर ओढणी टाकली, टोपलीत ठेवले, आणि आम्ही जखमी पक्ष्यांच्या केंद्रावर गेलो. गुजरातेत २०१७ पासून संक्रांतीच्या दिवसांत 'करुणा अभियान' चालते, त्यातलेच ते. आमच्यापुढे बरीच टोपली होती. डॉक्टरांनी टाके घातले, पण नातवाने "उडेल ना?" असे विचारताच ते हात धुवायला वळले.

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. सारे शहर पुन्हा गच्चीवर. नातू खाली आला तो वर गेलाच नाही.

सोळाव्या तारखेला शेजारची मुले झाडांत अडकलेला दोरा काढत होती. आम्ही बांबूला आकडा बांधला आणि त्यांच्यात शिरलो. कडुनिंबावरून दोरा ओढताना बोटे कापली. नातू तो काठीवर गुंडाळत होता. दुपारपर्यंत नारळाएवढा गुंडा झाला. त्यात पांढरा होता, हिरवा होता, आणि बराचसा गुलाबी.

"आजोबा, यातला आपला कोणता?" त्याने विचारले.

आम्ही बांबू पुढच्या झाडाकडे नेला.