वडील काय करतात, हे कशाला हवे?

"पूर्ण नाव सांगा. मूळ गाव कोणते? वडील काय करतात?" नोकरीच्या मुलाखतीची सुरुवात बहुतेक ठिकाणी अशीच होते. उमेदवाराची भीड चेपावी म्हणून विचारतो, असे सांगितले जाते. ज्याच्या आडनावावरून आणि वस्तीवरून जात ताडली जाते, त्याची भीड यामुळे चेपते की घशाला कोरड पडते?

वकिलीच्या सुरुवातीला आम्ही एका संस्थेत कायदा सहायकाच्या जागेसाठी गेलो होतो. दहा मिनिटांतली सात मिनिटे वडिलांच्या गिरणीवर आणि ती बंद पडल्यावर घर कसे चालले यावर गेली. कायद्याचा प्रश्न एकच, तोही आम्ही उठता उठता.

हे दुखणे न्यायालयालाही ठाऊक आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे अजय हसिया प्रकरण पाहा. मुलाखत दोन-तीन मिनिटांची आणि प्रश्न आई-वडील व राहण्याचे ठिकाण एवढ्यापुरतेच, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली निकाल देताना तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरवले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असेही सुचवले. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. पण खासगी कंपनीच्या बंद दारामागे संविधानाचे कलम १६ पोचत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्या पात्रतेचे अर्ज कंपन्यांना धाडले होते, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाला बोलावणे कमी आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांच्याशी बोलताना, आम्ही गुणवत्ताच पाहतो म्हणणारे व्यवस्थापक 'कौटुंबिक पार्श्वभूमी'ही विचारतो, असे बिनदिक्कत सांगत होते. गुणवत्ता वडिलांच्या धंद्यात कशी दिसते, हे त्यांनाच ठाऊक!

आज आपली माणसेही खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसू लागली आहेत. म्हणून सांगतो. पाणी द्या, मुलाखत किती वेळ चालेल ते आधी सांगा, उमेदवाराला त्याच्या भाषेत बोलू द्या. प्रश्न आधी लिहून काढा आणि सगळ्यांना तेच विचारा. प्रत्येक सदस्याने गुण आपापल्या कागदावर लिहावेत, चर्चा त्यानंतर. नाहीतर अध्यक्षांची भुवई वर गेली की सगळ्यांचे आकडे खाली येतात. आणि जे काम करायचे आहे, तेच थोडे करून घ्या.

एका वाचनालयाच्या सहायकपदासाठी आम्ही निवड समितीत होतो. पहिल्या मुलाला आमच्यातल्याच एका सदस्याने मायेने विचारले, "आपलेच ना तुम्ही?" मुलगा हसला. दार उघडेच होते. बाहेर बसलेल्या मुलीने ते ऐकले. तिची पाळी आली तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि प्रत्येक प्रश्नाला "हो", "नाही" एवढेच. आम्ही तिची माफी मागितली. मग वीस पुस्तकांचा गठ्ठा पुढे ठेवून विषयवार लावायला सांगितले. पाचव्या पुस्तकापाशी ती थांबली आणि म्हणाली, "सर, ह्याच्यावर नंबर चुकीचा पडलाय."