आपत्तिग्रस्तांना मनोसामाजिक साहाय्य

भूकंप, महापूर, चक्रीवादळ, विषारी वायूची गळती यांसारख्या आपत्तींनंतर बाधित जनसमूहाला मानसिक स्वास्थ्य पुन्हा लाभावे, यासाठी आरोग्य, पुनर्वसन, शिक्षण इ. विभाग, स्वयंसेवी संस्था आणि स्थानिक लोक यांनी परस्परांशी मेळ राखून केलेल्या साहाय्यास मनोसामाजिक साहाय्य म्हणतात. त्याचे क्षेत्र मनोविकारांवरील उपचारांपुरते मर्यादित नाही. हरवलेल्या आप्तांचा शोध, मृतांवर रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार, निवाऱ्यातील सुरक्षितता आणि खात्रीलायक माहिती यांचाही त्यात अंतर्भाव होतो.

आपत्तीनंतर निद्रानाश, दचकणे, भीती, चिडचिड, वारंवार रडू येणे वा भावना बधिर होणे या प्रतिक्रिया बहुसंख्यांत दिसतात. असाधारण प्रसंगी त्या स्वाभाविकच होत. सुरक्षितता व आप्तांचा सहवास मिळाल्यास बहुतेकांच्या बाबतीत त्या कालांतराने ओसरतात. काहींमध्ये मात्र विषण्णता, चिंताविकृती, आघातोत्तर तणाव विकृती किंवा व्यसनाधीनता उद्भवते. पूर्वीपासून छिन्नमानस, अपस्मार यांसारखे विकार असलेल्यांचा औषधोपचार या काळात खंडित होतो आणि धावपळीत त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका मोठा असतो. निराधार मुले, विधवा, वृद्ध व अपंग यांच्याकडे तसेच मदतकार्य करणाऱ्यांकडेही विशेष लक्ष पुरवावे लागते.

इतिहास : बॉस्टन (अमेरिका) येथील कोकोनट ग्रोव्ह या रात्रिगृहास १९४२ मध्ये लागलेल्या आगीत ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेशी संबंधित शोकग्रस्तांच्या निरीक्षणाच्या आधारे एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने तीव्र शोकाची लक्षणे १९४४ मध्ये वर्णिली. भारतात भोपाळ वायुदुर्घटनेनंतर (डिसेंबर १९८४) बंगळूरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेने वायुग्रस्तांवर उपचार करणाऱ्या सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. ओडिशातील चक्रीवादळ (१९९९), गुजरातमधील भूकंप (२००१) व त्सुनामी (२००४) या आपत्तींनंतर स्थानिक कार्यकर्त्यांनाही असे प्रशिक्षण देण्यात आले.

स्वरूप : संयुक्त राष्ट्रे व अन्य साहाय्यसंस्था यांच्या आंतरसंस्था स्थायी समितीने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या साहाय्याचे चार थर सांगितले असून त्यांची मांडणी मनोऱ्यासारखी वर निमुळती होत जाणारी आहे. अन्न, पाणी, निवारा व सुरक्षितता प्रतिष्ठेने पुरविणे हा पायाचा थर. कुटुंब व समाज यांचे आधार पुन्हा उभे करणे हा दुसरा. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी व्यक्तीस वा कुटुंबास दिलेला आधार हा तिसरा आणि तज्ज्ञांचे उपचार हा चौथा. तिसऱ्या थरातील ‘मानसिक प्रथमोपचारा’त परिस्थिती पाहणे, शांतपणे ऐकून घेणे व आवश्यक सेवेशी जोडून देणे या तीन कृती येतात. पीडितास अनुभव सांगण्याची सक्ती करू नये. दुर्घटनेचे तपशील लगेच वदवून घेणारी एका बैठकीची पद्धत पूर्वी रूढ होती. परंतु तिने आघातोत्तर विकृतीस प्रतिबंध होत नाही, असे आढळल्याने जागतिक आरोग्य संघटनेने ती निषिद्ध मानली आहे.

समन्वय : चारही थर एकाच वेळी कार्यरत असावे लागतात, एका थरातील चूक दुसऱ्यात भरून निघत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतर ५२ गावांचे स्थलांतर करण्यात आले. घरांचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार ठरले. रुंद रस्त्यांच्या, चौकोनी आखणीच्या विस्तीर्ण वसाहतींत गल्ली, वाडा व शेजार यांची जुनी वीण पुष्कळ ठिकाणी विसकटली. वरकरणी केवळ बांधकामाचा वाटणारा निर्णय शोकग्रस्तांच्या एकाकीपणावर परिणाम करू शकतो, हे यावरून ध्यानी येते. समन्वय नसेल, तर अनेक पथके एकाच कुटुंबास तेच प्रश्न विचारून व्यथा वाढवितात आणि दूरच्या वस्त्यांपर्यंत कोणीच पोहोचत नाही.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार (२००५) स्थापन झालेल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बाहेरची पथके काही आठवड्यांत परततात. शोक व विस्थापन यांचे परिणाम मात्र वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा व गावातील कार्यकर्ते यांच्याद्वारे हे साहाय्य नित्य आरोग्यसेवेत सामावून घेणे अगत्याचे ठरते.