तारेचा सूर आणि दीड सेकंद

छेडलेल्या तारेचा सूर जन्मतःच उतरणीला लागलेला असतो. गजाने वाजणाऱ्या सारंगीला किंवा भात्यावर चालणाऱ्या पेटीला वादकाच्या हातून क्षणोक्षणी नवी शक्ती मिळत राहते. गिटारीच्या तारेला मात्र नखीचा जो एक आघात लाभला, तेवढ्या पुंजीवरच सगळा निर्वाह करावा लागतो, आणि त्या पुंजीचा मोठा हिस्सा पहिल्या काही क्षणांतच उधळला जातो. आपल्या तंतुवाद्यांच्या कारागिरांनी जवारी आणि तरफा यांच्या योगाने या अडचणीवर फार सुंदर उपाय काढला. परंतु गिटारीची घडणच निराळी, आणि ज्याला तिच्यावर मींड घ्यावयाची आहे त्याला तर मींड पुरी होईपर्यंत सूर जिवंत राहण्याची निकड अधिकच भासते. 1967 सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार ज्यांनी मन लावून ऐकली असेल, त्यांना या निकडीचे स्वरूप वेगळे समजावून सांगावयास नको. अमेरिकेत लिटल फीट या वाद्यवृंदाचा लोवेल जॉर्ज बोटात नळी चढवून अशीच सरकती गिटार वाजवीत असे, आणि त्याच्या सुराला जे दीर्घायुष्य लाभले होते त्याचे बरेचसे श्रेय त्याच्या पायापाशी असलेल्या कॉम्प्रेसर नावाच्या एका लहानशा डबीकडे जाते. ही डबी घरी बांधता येते, आणि बांधून झाल्यावर तिच्यात फेरफार करीत बसण्यात बांधण्याहूनही अधिक रस आहे, असे माझे मत आहे.

मोठा आवाज आवरावा आणि लहान आवाज उचलून धरावा, ही गरज गिटारवाल्यांच्या आधी रेडिओवाल्यांना पडली, कारण बोलणारा एकाएकी आवाज चढवून बोलू लागला म्हणजे प्रक्षेपकाची मर्यादा ओलांडली जाई. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे 110ए हे 1937 सालचे यंत्र त्या पिढीतले. पुढे ध्वनिमुद्रणगृहांत जिम लॉरेन्स यांचे एलए-2ए आणि बिल पुटनम यांचे 1176 ही यंत्रे मानाच्या जागी जाऊन बसली. पण ती पायाखाली घेण्याजोगी नव्हती. ते साधले आरसीए कंपनीच्या सीए3080 या आठ पायांच्या आयसीमुळे. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे किथ बार आणि टेरी शेरवुड यांनी 1972 साली एमएक्सआर ही कंपनी काढली, आणि याच आयसीच्या बळावर त्या दशकात तिने 'डायना कॉम्प' ही दोन बटणांची लाल डबी बाजारात आणली. कॅन्सस राज्यातील शनूट गावच्या रॉस कंपनीने त्याच आराखड्यात किरकोळ दुरुस्त्या करून आपली करड्या रंगाची डबी विकली. फिश या वाद्यवृंदाच्या ट्रे अनास्तासिओने ती वापरली, आणि तेव्हापासून तिची कीर्ती तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पुढे गेली. घरी बांधणारे बहुतेक लोक या दोहोंपैकी एका आराखड्याबरहुकूम सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे.

या यंत्राचे वर्तन समजण्यास कालव्यावरचा पाटकरी डोळ्यांपुढे आणावा. वरून पाण्याचा लोंढा आला की तो दार खाली सोडतो, पाणी ओसरू लागले की दार वर उचलतो, आणि अशा रीतीने शेतात जाणारा प्रवाह शक्य तितका सम राखतो. सीए3080 हे ते दार होय. त्याच्या पाचव्या पायात जितका विद्युत्प्रवाह सोडावा तितक्या प्रमाणात त्याची वर्धनशक्ती वाढते. प्रवाह निम्मा केला की शक्तीही निम्मी होते, इतका हा व्यवहार सरळ आहे. मूळ आराखड्यात या पायाच्या वाटेवर 27 किलोओहमचा एक कायम रोध आणि त्याच्या जोडीला 'सेन्सिटिव्हिटी'च्या बटणाचा 500 किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रोध, असतो, त्यामुळे हा प्रवाह फार झाला तर पाव मिलिअँपिअरच्या आसपास जातो. एवढ्या क्षीण धारेवर सगळ्या सुराचे राज्य चालते, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

आता हुकूम कोण देतो ते पाहू. आयसीतून बाहेर पडलेला आवाज एका ट्रान्झिस्टरकडे जातो, आणि तो त्याच्या दोन प्रती करतो, एक सुलट आणि एक उलट. या प्रती आणखी दोन ट्रान्झिस्टरांच्या दाराशी पोचतात. लाटेची उंची सुमारे 0.6 व्होल्टच्या वर गेली की ते उघडतात आणि 10 मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरमधील साठा भराभर रिकामा करतात. साठा उतरला की पाचव्या पायाचा प्रवाह घटतो आणि आवाज दबतो. तार शांत होऊ लागली की तोच कपॅसिटर 150 किलोओहमच्या रोधातून हळूहळू पुन्हा भरू लागतो, वर्धन वाढत जाते, आणि विझत चाललेला सूर वर उचलला जातो. 150 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरड यांचा गुणाकार केला म्हणजे उत्तर येते दीड सेकंद. रिकामे होणे निमिषार्धात आणि भरणे दीड सेकंदाच्या मापाने, या विषमतेतच या डबीचा सगळा स्वभाव साठलेला आहे. नवशिका 'सेन्सिटिव्हिटी'चे बटण फिरवून दाब किती द्यावा याच्याच विचारात गुंतून पडतो. वस्तुतः दाब किती दिला यापेक्षा तो केव्हा आणि किती सावकाश सोडला, यावर ऐकणाऱ्याचे सुख अवलंबून असते.

म्हणून फेरफाराला हात घालावयाचा तो प्रथम येथेच. सावकाश आलापीच्या वादनाला दीड सेकंद शोभून दिसतो, पण जलद लयीत दोन आघातांच्या मधे कपॅसिटर भरून येण्यास उसंतच मिळत नाही, आणि पहिल्या आघातानंतरचे सगळे सूर दाबाखालीच राहतात. यावर तोडगा म्हणजे 150 किलोओहमच्या रोधाच्या जागी तेवढाच पॉट घालावा आणि त्याच्याशी ओळीने 10 किलोओहमचा एक कायम रोध ठेवावा. मग हा काळ सुमारे एक दशांश सेकंदापासून दीड सेकंदाच्या किंचित पुढेपर्यंत मनाजोगता फिरवता येतो. बाजारातील कित्येक डब्यांवर याच बटणाला 'अटॅक' असे नाव दिलेले आढळते, पण त्याचा मुख्य अंमल चालतो तो सुटकेच्या काळावर. मात्र पॉट अगदी शेवटपर्यंत आणला तर भरणारा हात रिकामा करणाऱ्या हाताला भारी पडू लागतो आणि दाबच कमी होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरा मार्ग कपॅसिटर बदलण्याचा, आणि तो मोहक असला तरी त्यात एक मेख आहे. 10 ऐवजी 2.2 मायक्रोफॅरड घातल्यास काळ एक तृतीयांश सेकंदावर येतो व डबी चटपटीत होते. परंतु गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 कंपने पावते, आणि इतका लहान कपॅसिटर त्या मंद कंपनांच्या मधल्या अवकाशातच थोडा भरून घेतो, म्हणजे हुकूमच लाटेबरोबर थरथरू लागतो आणि खर्जाचा सूर फाटल्यासारखा येतो. उलट व सुलट अशा दोन प्रती करण्याची जी खटपट मूळ रचनाकारांनी केली तिचे मर्म येथे कळते: दोन्ही अर्ध्या लाटा कामी आल्यामुळे ही थरथर 82 ऐवजी 164च्या गतीने होते, आणि गती जितकी अधिक तितकी ती शमविणे सोपे. माझ्या डबीत मी 10 मायक्रोफॅरडच कायम ठेवून पॉटची तजवीज केली, आणि त्याबद्दल मला खेद नाही. शुद्ध आवाज व दाबलेला आवाज यांचे मिश्रण करणारे तिसरे बटणही पुष्कळ जण घालतात. नखीचा टोकदार आघात त्यामुळे शाबूत राहतो, फक्त दोन्ही लाटा एकाच दिशेने चालल्या आहेत ना याची खातरजमा आधी करावी, नाहीतर त्या एकमेकींना खाऊन टाकतात.

सामानाविषयी थोडेसे. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे दप्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर, येथे रोध, कपॅसिटर, पॉट, जॅक हे सारे मुबलक मिळते. अडचण येते ती खुद्द सीए3080ची. त्याचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे लोटली, आणि बंद झालेल्या प्रत्येक मालाप्रमाणे त्याच्याही नावाने खोटी छपाई केलेले भलतेच आयसी खपविले जातात. यास्तव आयसी थेट डाग देऊन बसवू नये. आठ पायांचा सॉकेट लावावा, आणि मीटर लावून चौथ्या पायाच्या मानाने पाचव्यावर 0.6 ते 0.7 व्होल्ट दिसतात की नाही ते पाहावे. ज्याला ही कटकट नको त्याने एलएम13700 घ्यावा: सोळा पायांत त्याच जातीचे दोन वर्धक, आणि तो आजही तयार होतो, पायांची मांडणी मात्र वेगळी, त्यामुळे पट्टीवरचा नकाशा नव्याने आखावा लागतो. डबी ओतीव अॅल्युमिनियमची असावी. पत्र्याचा सुपारीचा डबाही बाहेरचा विद्युत्कल्लोळ तितकाच अडवितो, पण पाय पडला की चेपतो.

जोडणी पुरी झाल्यावर 2 किलोओहमचा जो लहानसा ट्रिमपॉट आयसीच्या दोन आगतांपाशी असतो, त्याच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. हे दोन आगत समतोल नसतील तर वर्धन बदलण्याचा हुकूमच आवाजात उतरतो, आणि प्रत्येक आघाताबरोबर एक बोथट 'धप्' असा ध्वनी येतो. जाड तार छेडीत छेडीत लहान पेचकसाने हा ट्रिमपॉट अगदी हलके फिरवावा. एका विशिष्ट ठिकाणी तो धप्पा नाहीसा होतो, आणि थोडे पुढे गेले की पुन्हा उमटतो. त्या मधल्या जागी थांबावे.

राहता राहिली खरखरीची तक्रार. वादक थांबला की कपॅसिटर पूर्ण भरतो, म्हणजे ज्या क्षणी ऐकण्यासारखे काहीच नसते नेमक्या त्याच क्षणी वर्धन कमाल होते, आणि ट्यूबलाइटची व घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण मोठी होऊन कानी येते. मेटल फिल्मचे रोध वापरून, तारा आखूड ठेवून आणि सगळी अर्थ-जोडणी एका बिंदूला आणून ती कमी होते. समूळ जात नाही, कारण ती दोष नसून या कामाची किंमत आहे. म्हणूनच गिटारीपासून निघालेल्या वाटेवर कॉम्प्रेसर पहिला बसवावा, डिस्टॉर्शनच्या आधी. नंतर बसविल्यास डिस्टॉर्शनने आधीच फुगविलेली खरखर तो आणखी उचलून धरतो. क्रम उलटा ठेवून त्यातूनच मनाजोगता आवाज काढणारेही वादक आहेत, पण त्यांनी शेजाऱ्यांची परवानगी घेतलेली बरी.