वाटेत बंद पडणारे इंजिन : क्रँक सेन्सर व ठिणगी यांतील दोष कसे ओळखावेत

शेतमाल बाजारात वेळेवर पोहोचला तरच त्यास योग्य भाव मिळतो. समजा, जुन्नर तालुक्यातील एका शेतकऱ्याची टोमॅटोने भरलेली, पेट्रोलवर चालणारी छोटी मालमोटार नारायणगावच्या बाजारास निघाली आहे. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर इंजिन एकाएकी बंद पडते. सेल्फ मारला असता ते फिरते, परंतु चालू होत नाही. अर्ध्या तासाने मात्र पहिल्याच प्रयत्नात चालू होते. कारागिरापुढे गाडी नेईपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो. मग अंदाजाने प्लग, कॉइल, इंधनपंप असे एकामागून एक भाग बदलले जातात, आणि पुढच्या खेपेस गाडी पुन्हा वाटेत उभी राहते. हा व्यर्थ खर्च टाळण्याचा मार्ग एकच आहे. दोष हजर असतानाच तपासणी करावी, व तपासणीवाचून कोणताही भाग बदलू नये.

ठिणगीची वेळ कोण ठरवितो?

जुन्या पेट्रोल इंजिनात हे काम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट करीत असत. आजच्या इंजिनात ते ई. सी. यू. नावाचा छोटा संगणक करतो. पिस्टन कोठे आहे ही माहिती त्यास क्रँक सेन्सर पुरवितो. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरत असते. पुष्कळ इंजिनांत या चाकावर ६० दात्यांची जागा असून त्यांपैकी दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंतचे अंतर ६ अंश असते. गाळलेली जागा सेन्सरसमोरून गेली की संगणकास क्रँकशाफ्टचे नेमके स्थान कळते. कोणत्या सिलिंडरची पाळी आहे, हे कॅमशाफ्टजवळील दुसऱ्या सेन्सरवरून समजते.

क्रँक सेन्सरचा संदेश थांबला की बहुतेक इंजिनांत ठिणगी व इंधन ही दोन्ही बंद होतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तथापि कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल इंजिनातही असा सेन्सर असतो आणि त्याच्या बिघाडाने इंजिन तसेच बंद पडते.

पुष्कळ सेन्सरांत बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तारेस कोठे तडा गेला असल्यास उष्णतेने तो फाकतो व थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. गरम इंजिन बंद पडून थंड झाल्यावर चालू होण्याचे हे एक कारण होय. परंतु तापलेली कॉइल किंवा इंधनपंप यांमुळेही हेच लक्षण दिसू शकते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

तपासणीचा क्रम

(१) प्रथम बॅटरी पाहावी. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ संथ फिरत असल्यास आधी बॅटरी व तिची टोके दुरुस्त करावीत.

(२) सेल्फ मारीत असताना इंजिनाच्या फेऱ्या दाखविणाऱ्या काट्याकडे लक्ष द्यावे. काटा शून्यावर राहिल्यास क्रँक सेन्सरचा संशय घ्यावा. काही गाड्यांत कमी गतीस काटा हलतच नाही. तेथे स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा पाहणे अधिक खात्रीचे.

(३) ठिणगी तपासण्याच्या साधनाने प्रत्येक सिलिंडर पाहावा. फेऱ्या दिसत नाहीत व कोठेच ठिणगी नाही, तर सेन्सर, त्याची वायर व फ्यूज तपासावेत. फेऱ्या दिसतात पण कोठेच ठिणगी नाही, तर कॉइलचा फ्यूज, रिले व अर्थिंग पाहावे. फेऱ्या व ठिणगी दोन्ही ठीक असल्यास इंधनाकडे वळावे.

(४) इंजिन चालते पण झटके देते, अशा वेळी एखाद्याच सिलिंडरचा दोष संभवतो. प्रत्येक सिलिंडरची कॉइल स्वतंत्र असल्यास ती शेजारच्या कॉइलशी बदलून पाहावी. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला, तर कॉइल खराब. जागीच राहिला, तर प्लग व इतर कारणे शोधावीत.

सेन्सर बदलण्यापूर्वी

स्कॅनरवर ‘पी ०३३५’ हा संकेत आला म्हणजे सेन्सरच बिघडला असे नव्हे. तो संकेत क्रँक सेन्सरच्या संपूर्ण विद्युत्-मंडलाचा दोष सांगतो. उंदरांनी कुरतडलेली वायर, गंजलेला जोड, सैल बोल्ट किंवा सेन्सरच्या चुंबकास चिकटलेला लोखंडी कीस यांनीही तोच संकेत येतो. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर दोष सुरू झाला असल्यास दबलेली वायर आधी शोधावी.

दोन वायरींच्या वेटोळ्याच्या सेन्सरचा रोध मल्टीमीटरने थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत मोजून गाडीच्या माहितीपुस्तकातील आकड्याशी ताडावा. गरम असताना रोध अमर्याद दाखविला तर तार तुटली आहे असे समजावे. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल जातीचा असतो. त्याचा रोध मोजू नये, त्याने सेन्सरला इजा होऊ शकते. त्यास मिळणारा वीजपुरवठा, अर्थिंग व संदेश एवढेच तपासावेत.

दक्षता

कॉइलमधून हजारो व्होल्टचा दाब निघतो. वायर किंवा प्लग हातात धरून ठिणगी पाहू नये. पेट्रोलचा वास येत असल्यास ही तपासणी मुळीच करू नये. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन धोक्याचे दिवे लावल्यावरच बॉनेट उघडावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाहनधारक शेतकऱ्यांस एक छोटी वही गाडीत ठेवण्यास सांगावे. इंजिन किती अंतरावर बंद पडले, त्या वेळी काटा हलला की नाही, किती वेळाने ते चालू झाले, एवढ्या तीन नोंदी पुरेत. दोष नाहीसा झाल्यानंतर गाडी कारागिरापुढे गेली, तरी या नोंदींवरून त्यास शोधाची दिशा मिळते व शेतकऱ्याचा पैसा वाचतो.