मुक्ताचा निबंध आणि तिच्या शिक्षिका

आपल्या श्रीगोंद्यात गटाची बैठक संपली, की प्रोसिडिंगची वही दरवेळी एकीच्याच हातात जाते. बाकीच्या आपण सह्या करून मोकळ्या. "मला नाही बाई लिहिता येत," असं म्हणतो. खरं तर अक्षरं येतात. पण आपल्या जगण्यात लिहिण्याजोगं काय आहे, असं वाटतं. म्हणून आज एका शिक्षिकेची गोष्ट सांगतो.

सावित्रीबाई फुले आपल्याला पहिल्या मुलींच्या शाळेमुळे ठाऊक आहेत. १८३१ साली सातारा जिल्ह्यातल्या नायगावात त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. जोतिरावांनी घरीच शिकवायला सुरुवात केली. पुढे शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला त्या आल्या आपल्याच नगरला, मिस फरार यांच्या संस्थेत. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. अंगावर शेण-दगड आले, तरी त्यांनी वर्ग सोडला नाही.

शिकवता शिकवता त्या स्वतः लिहीतही होत्या. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह निघाला. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी ओतूरहून जोतिरावांना पत्र लिहून लोकांचे हाल कळवले. जे डोळ्यांनी पाहिलं, ते कागदावर उतरवलं.

शिक्षिकेचं मोठेपण तिच्या विद्यार्थिनीत दिसतं. फुले पतिपत्नींच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय जेमतेम चौदा. तिनं 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे नियतकालिक १८४२ साली आपल्या नगरलाच सुरू झालं होतं.

मुक्तानं काय लिहिलं? ज्यांना धर्माचं पुस्तक वाचायची बंदी, त्यांचा धर्म कोणता, असा थेट सवाल तिनं केला. आणि आपल्या समाजातल्या बाळंतिणींबद्दल लिहिलं. डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पावसात कसे हाल होतात, ते सांगितलं. ही माहिती तिला कुठल्या पुस्तकात मिळणार होती? ती तिच्या वस्तीतच होती. शाळेनं तिला अक्षर दिलं, आणि आपलं दुःख सांगायचा धीर दिला. म्हणून पावणेदोनशे वर्षांनीही त्या बाळंतिणींचे हाल आपल्याला कळतात. तिनं लिहिलं नसतं, तर ते त्यांच्याबरोबरच मातीत गेले असते.

सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. पण एक बाई शिकली, तिच्या शाळेतली मुलगी लिहिती झाली, हा धागा तुटलेला नाही. तो आपण पुढे न्यायचा.

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्यात एक करू या. प्रत्येकीनं वहीत पाच ओळी लिहायच्या. टँकरच्या रांगेतला दिवस, ऊसतोडीला गेलेलं वर्ष, पहिलं बाळंतपण, काहीही चालेल. आपण बोलतो त्याच भाषेत लिहा. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी नको. जिला अजून अक्षर येत नाही, तिनं सांगावं आणि शेजारणीनं लिहून घ्यावं, नाव मात्र सांगणारीचंच घालावं. पुढच्या बैठकीत हिशेब झाला, की सगळ्याजणी मिळून वाचू. आणि प्रोसिडिंगची वही? ती यापुढे पाळीपाळीनं फिरू द्या.